कपाटातले हात

साहेब, हे तुम्हाला आहे. क्लबच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्या तुम्हाला. तुम्ही चोर आहात. साधा चोर निदान माल लपवतो. तुम्ही चोरीचा माल काचेच्या कपाटात मांडता, वर दिवा लावता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवता.

पॅव्हेलियनमध्ये शिरलं की समोरच ते कपाट दिसतं. त्यात हात ठेवलेत. प्लास्टरचे, पांढरेफटक, मनगटापासून पुढचे. क्लबसाठी जो जो यष्टीमागे उभा राहिला, त्याचे हात तो खेळणं सोडतो त्या दिवशी बादलीतल्या लगद्यात बुडवून घेतात. लगदा घट्ट झाला की हात काढायचे आणि उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. त्या कपाटात एक बोट सरळ नाही. कुठे पेर मागे वळलेलं, कुठे करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली, कुठे अंगठा मुळापासून बाहेर फेकलेला. खाली पितळी पट्टी, ‘क्लबला दिलेले हात’. आणि वर भिंतीवर ठसठशीत अक्षरांत, ‘किपर मैदान सोडत नाही’.

नवीन पोर क्लबात आलं की तुम्ही त्याला आधी या कपाटापुढे उभं करता. “बघ बाळ, असे हात व्हायला पाहिजेत.” पोर बघतं. पोराचे डोळे चमकतात. तिथेच तुमचं काम अर्धं होतं.

मधल्या फळीवरच्या एका जोडीचा मालक अजून जिवंत आहे. तो तुमच्याच क्लबचा कोच आहे आणि त्याला सकाळी स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत. त्याची गोष्ट ऐका. तुम्हाला ती ठाऊक आहे म्हणाल. तुम्ही ती आजवर फक्त स्वतःच्या तोंडून, भाषणात ऐकली आहे.

*

“मान वर करा.”

“अगं, गळा आवळतेस काय?”

“आवळायचा असता तर लग्नाच्या वर्षीच आवळला असता. सरळ उभे राहा.”

कोचची बायको शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एक मशीन, कापडाची चळत, भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश. सगळ्या गल्लीची तुटलेली बटणं तिच्याकडे येतात. नवऱ्याच्या शर्टांवर मात्र तिने फार पूर्वीच युक्ती केली होती. बटणं वरवर शिवलेली, नुसती दिखाऊ, आणि आतून टिचबटणं. तळहाताने छाती दाबली की शर्ट बंद. बाहेर कुणाला कळत नव्हतं. कळू नये यासाठीच तर ती सगळी कारागिरी.

पण आज क्लबचा शर्ट घालायचा होता. त्याच्या बटणांवर क्लबचं चिन्ह कोरलेलं असतं आणि त्याला सुई लावायची परवानगी नाही. मुलींचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेला होता. फोटो निघायचा होता. म्हणून बायको एकेक बटण काजात सारत होती आणि हा कर्तासवरता माणूस दोन्ही हात लोंबते सोडून, शाळेत निघालेल्या मुलासारखा उभा होता.

त्यांची मुलगी दूध पीत होती. एका हाताने पेला, दुसऱ्या हाताने बॉल भिंतीवर. टक्. टक्. टक्. तिला सगळे टिल्ली म्हणत. वयाच्या मानाने उंची कमी, आणि चपळाई अशी की खाली वाकली की दिसायची नाही, दिसायची तेव्हा बॉल हातात असायचा.

“टिल्ले, भिंत पडेल एक दिवस,” आई म्हणाली.

“भिंत नाही पडत, आई. बॉल पडतो. आणि मी तो पडू देत नाही.”

बाप हसला. “माझी जीभ घेतलीस होय गं?”

“जीभ घेऊ दे,” बायको शेवटचं बटण लावत म्हणाली. “हात तेवढे घेऊ नकोस, बाई.”

बोलणं तिथेच संपलं. रोजचंच होतं ते.

*

कोचला क्लबात ‘डिंक’ म्हणत. जुने लोक अजून ‘डिंक्या’ म्हणतात. बॉल त्याच्या हाताला लागला की चिकटायचा म्हणून. तो क्लबात आला तेव्हा त्याला बॅटिंग करायची होती. पण बॅटिंग कोण करणार, बॉलिंग कोण करणार, हे या क्लबात नेटमध्ये ठरत नाही. ते घर बघून ठरतं. समितीतल्या घरची मुलं बॅट घेतात. दुकानदारांची, वकिलांची मुलं बॉल टाकतात. आणि यष्टीमागे उभं राहायला असा मुलगा शोधतात ज्याच्या घरून विचारायला कुणी येणार नाही. डिंकचा बाप नळ दुरुस्त करायचा. तो कधी विचारायला आला नाही. मुलगा क्लबात खेळतो, यातच त्याला आभाळ ठेंगणं होतं.

तेव्हा क्लबचा सर्वांत वेगवान बॉलर कोण होता, साहेब? तुम्ही होता. कप्तानही तुम्हीच. तुमचा बॉल शेवटच्या क्षणी वळायचा आणि फलंदाजाला चुकवून डिंकच्या बोटांच्या टोकांवर जाऊन आदळायचा. पहिलं बोट गेलं तेव्हा तो पोरगेला होता. तुम्ही खेळपट्टीवरून चालत आलात, त्याच्या खांद्यावर हात टाकलात आणि म्हणालात, “डिंक सुटत नसतो, काय?” पोरगं हसलं. तुटलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं आणि पुन्हा खाली बसलं.

तेच पुढे त्याचं शास्त्र झालं. तुटलेलं बोट धडधाकट बोटाला बांधायचं. दवाखान्यात जायचं नाही, कारण दवाखान्यातला माणूस ‘खेळू नका’ म्हणतो. बोट आपोआप जुळतं. वाकडं जुळतं, पण जुळतं. वाकडं म्हणजे कमावलेलं.

मोठ्या संघाच्या निवडीसाठी त्याला एकदा बोलावणं आलं होतं. त्या आठवड्यात क्लबचा सामना होता आणि तुम्ही त्याला सोडलं नाहीत. त्या सामन्यात अंगठा निखळला. निवडीच्या दिवशी त्याच्या हातून सरळ सोपे झेल पडले. निवड समितीने पुन्हा त्याचं नावही काढलं नाही. ही हकीकत तुम्ही भाषणात सांगता. “याला म्हणतात निष्ठा!” टाळ्या. तो खाली मान घालून बसलेला असतो. लोकांना तो नम्र वाटतो.

हात निकामी झाले तेव्हा तुम्ही त्याला कोच केलंत. उपकार म्हणून. आणि त्याने काय केलं? जे त्याच्यावर झालं तेच त्याने पुढच्या पोरांवर केलं. इथे त्याला सोडायचं कारण नाही. त्याने ‘कोरडा सराव’ चालू ठेवला, म्हणजे किपरने ग्लोव्ह न घालता उघड्या हातांनी कडक बॉल घ्यायचा, हात घडावेत म्हणून. फक्त किपरने. बाकीची मुलं हेल्मेट, पॅड, काय काय चढवून उभी, आणि हे एक पोर उघड्या हातांनी.

*

फोटो काढून झाल्यावर कोच केस कापायला गेला. न्हावी त्याचाच जुना विद्यार्थी, एके काळचा किपर.

“या सर! फायनल आहे म्हणे. केस बारीक करू की कप घेताना उडतील असे ठेवू?”

“बारीक कर. उडायला उरलेत किती?”

“आहेत आहेत. मागच्या बाजूला राखीव खेळाडू बसलेत.”

दोघं हसले. कात्री चालू लागली. आरशात बघता बघता कोचच्या लक्षात आलं की कात्री भलत्याच हातात आहे. इतकी वर्षं तो या खुर्चीत बसत होता आणि आज पहिल्यांदा दिसलं.

“काय रे, तू डावखुरा कधीपासून?”

“तुमच्याकडे होतो तेव्हापासून, सर,” न्हावी म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने उजवा हात वर करून दाखवला. दोन बोटं कात्रीच्या कडीत शिरतील अशी राहिलीच नव्हती. “वडील ओरडायचे, न्हाव्याचा पोर आणि कात्री धरता येत नाही. मग शिकलो डाव्याने. मान खाली घ्या.”

कोचने मान खाली घेतली. ती त्याने बराच वेळ वर केली नाही.

तरी त्याच संध्याकाळी कोरडा सराव झाला. सवय अशी असते. माणूस विचार एकीकडे करतो आणि हात दुसरीकडे चालत राहतात.

मैदानाच्या एका टोकाला साहेबांची नात बॅटिंग करत होती, डोक्यापासून पायापर्यंत बांधलेली. दुसऱ्या टोकाला टिल्ली, उघड्या हातांनी. बाप समोर उभा राहून बॅटने बॉल मारत होता.

“अजून जोरात, बाबा!”

त्याने जोरात मारला. बॉल टप्प्यावर उसळला. टक् असा आवाज यायला हवा होता. आला तो वेगळा, ओली काटकी मोडल्यासारखा. मैदानात तो आवाज ओळखणारा एकच माणूस होता.

“दाखव.”

उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट. बापाने ते चाचपलं. त्याला कळलं. अगदी नक्की कळलं. आणि तो म्हणाला, “हं. जरासं चेपलंय.” खिशातून चिकटपट्टी काढली आणि ते बोट मधल्या बोटाला बांधून टाकलं.

टिल्लीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडभर हसू होतं.

“बाबा, आता माझंही वाकणार?”

त्याने चिकटपट्टी खिशात टाकली.

“तुमच्यासारखं वाकेल ना? की सरळच राहील?”

साहेब, हे वाक्य तुमच्या त्या भिंतीवर कोरा. पोरीला काळजी कसली, तर आपलं बोट सरळच राहतं की काय याची.

*

घरी आल्यावर आईने पट्टी पाहिली. मशीन थांबलं. तिने मुलीचा डावा हात धरला आणि तिला घेऊन सरळ हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. “हे बांधलं कुणी?”

“बाबांनी,” टिल्ली अभिमानाने म्हणाली. “ते कोच आहेत.”

“हाड सरकलेलं असताना बांधलं? त्यांना म्हणावं, दार तुटलं तर शेजारच्या खिडकीला बांधता का?” मग त्या आईकडे वळल्या. “घाबरू नका. सांधा अजून शाबूत आहे. सोमवारी दाखल करा, बारीक सळई घालू. बोट पहिल्यासारखं होईल. पण हा हंगाम बॉलला हात लावायचा नाही. आता त्याच जागी फटका बसला तर सांधा जाईल. मग ते बोट बोट राहणार नाही, काठी होईल.”

अंतिम सामना रविवारी होता.

शनिवारी साहेब घरी आले. हातात मिठाईचा खोका, बोटांत अंगठ्या. दहाही बोटं कशी सरळ, गुळगुळीत. कोचच्या बायकोच्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसले आणि टिल्लीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या बोटाला आता डॉक्टरीणबाईंनी दिलेली पत्र्याची पट्टी होती.

“काय रे डिंक्या, वाघाच्या पोटी वाघीण, आं?”

“साहेब, डॉक्टर म्हणतात...”

“डॉक्टर म्हणणारच. त्यांचा धंदा आहे तो. सळई सोमवारी ना? मग रविवार मोकळाच आहे की!” साहेब स्वतःच हसले. “वहिनी, लहान मुलांची हाडं म्हणजे ओली फांदी. कशीही वळतात. आणि मान केवढा आहे! मुलींचा संघ, पहिली फायनल, आणि किपर कुणाची, तर डिंकची मुलगी.”

“एवढा मान आहे तर तुमच्या नातीला उभं करा यष्टीमागे,” बायको सुई ओवत म्हणाली.

“अहो, ती बॅटिंग करते.”

“मग? हात नाहीत तिला?”

साहेबांचं हसू जरा अडखळलं. ते उठले. दारात कोचच्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, “डिंक सुटत नसतो, काय?”

ते गेल्यावर नवरा-बायको समोरासमोर राहिले. मिठाईचा खोका मधे.

“तिला खेळायचंय गं,” तो म्हणाला. “तिचीच इच्छा आहे.”

“तिची इच्छा कुणी पेरली?”

“संघाचा प्रश्न आहे.”

“संघाचा नाही, तुमचा आहे. तुम्हाला काय होतंय ते मी सांगू? उद्या ही खेळली नाही आणि आभाळ कोसळलं नाही, तर मग तुमचं काय? तेव्हा तुम्हीही नसता खेळलात तरी चाललं असतं, असं होतं. मग हे हात कशासाठी गेले?” तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “फुकट गेले, अहो. तुमचे हात फुकट गेले. एकदा हे कबूल करा. पोरीसाठी तुमच्याकडे एवढंच मागतेय.”

त्याने हात सोडवून घेतले. माणूस हाडं मोडून घेईल, पण हाडं फुकट मोडली हे कबूल करणं त्याला जमत नाही. साहेब, तुमचा सगळा कारभार याच एका गोष्टीवर चालतो.

*

रविवारी सकाळी आई आंघोळीला गेली आणि बाप-लेक निघून गेले.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने पत्र्याची पट्टी सोडली. चिकटपट्टीचं टोक त्याला नखाने उचलता येईना. दोनदा प्रयत्न केला. मग टिल्लीनेच रीळ घेतलं, दातांनी तोडून पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही बोटं एकमेकांना बांधली. घट्ट. वर ग्लोव्ह चढवले.

“दुखतंय?”

“नाही,” ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

राखीव खेळाडूंत यष्टीमागे उभी राहू शकणारी दुसरी मुलगी होती. आता नियमही तसा आहे, पंचांना सांगून बदली खेळाडूला किपिंग देता येतं. कोचला हे माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. तुमच्या क्लबात तो नियम लाजिरवाणा समजतात एवढंच.

पहिली काही षटकं टिल्लीने उत्तम किपिंग केलं. एक झेल असा घेतला की विरुद्ध संघाच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. मग एक बॉल फलंदाजाच्या बॅटला पुसटसा चाटून दिशा बदलून आला आणि थेट बोटांच्या टोकांवर बसला.

ती गुडघ्यांवर बसली. ग्लोव्ह पोटाशी धरला. पंच जवळ आले, काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. नाही, ठीक आहे. आणि पुन्हा खाली वाकून उभी राहिली. तेव्हा तिने हाताकडे पाहिलं नाही. तिने सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. शाबासकीसाठी.

तो बाप सीमारेषा ओलांडून चालत निघाला.

खेळ चालू असताना कोच असा मैदानात येत नसतो. पंचांनी हात केला, मुली थांबल्या. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून साहेब उभे राहून ओरडले, “डिंक्या! भिंतीवर काय लिहिलंय ते विसरलास?”

तो थांबला. वळला. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “विसरलो नाही, साहेब. म्हणून तर उशीर झाला.” मग पंचांना म्हणाला, “माझी किपर मैदान सोडतेय. बदली घ्या.”

“बाबा, नको ना,” टिल्ली रडायला लागली. दुखण्याने नव्हे, अपमानाने. “मी सोडलं नाही, सांगा त्यांना! मी नाही सोडलं!”

तो तिला उचलून बाहेर आला तेव्हा सीमारेषेवर तिची आई पोचली होती. धावत आलेली, गळ्यात मोजमापाची फीत तशीच. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला आपल्याकडे घेतलं आणि चालू लागली.

सामना कोण जिंकलं ते इथे लिहिणार नाही. तुम्हाला तेवढंच आठवतं.

डॉक्टरीणबाईंनी जमेल तेवढं केलं. पण बोट एकटं गेलं नव्हतं. शेजारचं धडधाकट बोटही गेलं होतं, कारण दोन्ही एकत्र बांधलेली होती. पट्टी बापाने बांधली होती. दोन्ही बोटांचे सांधे आता वळत नाहीत. मूठ मिटत नाही. पेन्सिल निसटते.

हात बांधलेला होता तोवर टिल्लीला वाटायचं, पट्टी सुटली की झालं. पट्टी सुटली त्या सकाळी शाळेचा शर्ट घालताना तिने बटणाशी बराच वेळ झटापट केली. मग शर्ट आईपुढे ठेवला. आईने ती सगळी बटणं उसवली. आतून टिचबटणं लावली आणि वरून दिखाऊ बटणं पुन्हा शिवली, कुणाला कळू नये अशी. एवढंसं माप, आणि तीच कारागिरी.

शेजारच्या खोलीत कोच बसून होता. मशीनचा आवाज ऐकत होता. “फुकट गेले,” तो एकदम म्हणाला. बायकोने मशीन थांबवलं. “माझे हात फुकट गेले. आणि तिचे मी घालवले.”

“आता कबूल करून काय उपयोग?” ती म्हणाली. मशीन पुन्हा सुरू झालं.

*

माणसाने एवढ्यावर थांबावं. पण तुम्ही थांबला नाहीत, साहेब.

तुम्ही कोचला काढून टाकलं असतं तर ते समजण्यासारखं होतं. तुम्ही त्याहून हुशार निघालात. क्लबच्या वर्धापनदिनी टिल्लीचा हात कपाटात बसवायचा, असं जाहीर केलंत. ‘क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान हात’. निमंत्रण द्यायला माणूस घरी आला.

“आग लावा म्हणावं त्या कपाटाला,” आई म्हणाली.

“मी जाणार,” टिल्ली म्हणाली.

आई निमंत्रणपत्रिका परत देऊ लागली, तर टिल्लीने ती काढून घेतली.

“मला त्यांना काहीतरी विचारायचंय.”

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत नवीन पोरं, मुली, स्वच्छ गणवेशात. न्हावीही दुकान बंद करून आला होता, मागे भिंतीला टेकून उभा होता. टेबलावर बादली, बादलीशेजारी लगद्याची पूड आणि पाणी. साहेबांचं भाषण झालं. निष्ठा झाली, त्याग झाला. टाळ्या झाल्या. मग नोकराने लगदा कालवला.

“ये बाळ. हात बुडव. लवकर हं, हे लगेच घट्ट होतं.”

टिल्ली बादलीपाशी गेली. उजवा हात वर केला. दोन बोटं ताठ, बाकीची अर्धवट मिटलेली.

“आधी तुमचा,” ती म्हणाली.

“माझा? अगं वेडे, हे किपरचं कपाट आहे.” लोक हसले.

“मग तुमच्या नातीचा. ती माझ्याच संघात आहे.”

“ती बॅटिंग करते, बाळ.”

“हो. पण ती किपर का नाही? तुमच्या घरचं कुणीच कधी का नव्हतं?” ती कपाटाकडे वळली आणि एकेका जोडीकडे बोट दाखवू लागली, त्याच ताठ बोटाने. “हे नळवाल्यांच्या घरचे. हे न्हावीकाकांचे. हे रंगाऱ्याचे. हे धोब्याच्या मुलाचे. तुमच्या घरचे कुठले, साहेब? दाखवा ना. मला सापडत नाहीत.”

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक नवीन मुलगी हळूच आपल्या हाताकडे बघू लागली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “डिंक्या, समजव तिला. लगदा घट्ट होतोय.”

कोच उठला. आज त्याने क्लबचा शर्ट घातला नव्हता. तो बादलीपर्यंत गेला नाही. पुढच्या रांगेपाशी थांबला.

“पोरांनो, उद्यापासून ग्लोव्हशिवाय कुणी यष्टीमागे बसणार नाही,” तो म्हणाला. “ज्याला लागेल तो बाहेर येईल, आणि बाहेर आल्यावर मी त्याला डॉक्टरकडे नेईन. क्लबने मला ठेवलं तर इथे. नाही ठेवलं तर गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे. आणि साहेब, माझे हात कपाटातून काढून द्या. ते मी दिलेले नाहीत.”

“मालकी क्लबची आहे,” तुम्ही म्हणालात. साऱ्या सभागृहाने ऐकलं. तुमच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं वाक्य.

बादलीतला लगदा घट्ट झाला. आत कुणाचाच हात नव्हता. नोकराने ती तशीच उचलून बाहेर नेली. साहेब, तुम्ही ‘चहा घ्या, चहा घ्या’ म्हणत खुर्चीतून उठलात. लोक पांगले. टिल्ली मात्र कपाटापुढून हलली नाही. दिवे मालवायला आलेल्या माणसाने विचारलं, “पोरी, कुणाची वाट बघतेस?” ती म्हणाली, “साहेबांची. त्यांनी अजून सांगितलं नाही.”

तुम्ही मागच्या दाराने गेला होतात.

तर साहेब, ते पुन्हा विचारतो आहोत, इथे, छापून, सगळ्यांसमोर. त्या कपाटात तुमच्या घरचा एकही हात का नाही? ती पोर अजून वाट बघते आहे. हो-ना नको, भाषण नको. उत्तर द्या.